‘काय झालं ते सांगा’ असं विचारू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे: युद्ध, वांशिक हिंसा, नरसंहार यांतून जाणाऱ्या साध्या माणसांच्या मनाचं नेमकं काय होतं? ते सगळेच मनोरुग्ण होतात का? आणि विचारणारे स्वतः महिनाभरासाठी निर्वासितांच्या छावणीत स्वयंसेवक म्हणून चाललेत, तर तिथल्या लोकांना बोलतं करून मन मोकळं करायला लावावं का?

शेवटच्या भागापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर समोरच्याला इजा होते. नका करू बोलतं.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि माझ्या कामाची बरीच वर्षं छावण्यांमध्ये गेली आहेत. (पुढे जी माणसं येतील त्यांचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.) एका छावणीत पन्नाशीचे एक शिक्षक माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “भावापासून सुरू करू की घरापासून?” मला क्षणभर अर्थच लागेना. मग कळलं की दीड महिन्यात माझ्याआधी आठ जणांनी त्यांच्याकडून ती हकीगत काढून घेतली होती. नोंदणीवाले, पत्रकार, मानवाधिकारवाले, दोन समुपदेशक, एक संशोधक विद्यार्थिनी. प्रत्येकानं ऐकलं, लिहून घेतलं, डोळे पुसले, आभार मानले. परत कुणी फिरकलं नाही. आणि दर वेळी पुढच्या चार-पाच रात्री गुरुजी जागे.

त्यांना माझ्याकडून काय हवं होतं? चष्मा. पळताना फुटला होता. जवळचं दिसत नसल्यामुळे छावणीतल्या पोरांना शिकवता येत नव्हतं आणि दिवसभर तंबूत बसून राहिलं की भाऊ आठवत होता. चष्मा मिळवायला मला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत मी भावाचं नावही काढलं नाही. पुढे तीनेक आठवड्यांनी, शाळेच्या तंबूबाहेर उभ्या उभ्या, ते आपण होऊन बोलले. वीस मिनिटं. मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

मन मोकळं केलं की हलकं वाटतं, हा आपला लाडका समज आहे. मित्रांमध्ये, घरात तो खराही असतो. पण १९८०च्या दशकात याच समजाची एक पद्धत बनवली गेली. भीषण घटनेनंतर काही दिवसांतच सगळ्यांना एका बैठकीत बसवायचं, काय पाहिलं, काय वाटलं ते क्रमानं बोलायला लावायचं. तिला डीब्रीफिंग म्हणत. नंतर नीट चाचण्या झाल्या तेव्हा दिसलं की या एका बैठकीनं पुढचा आजार टळत नाही, आणि काही अभ्यासांत तर बैठकीला बसलेल्यांची अवस्था न बसलेल्यांपेक्षा वाईट निघाली. आता जागतिक आरोग्य संघटना ही पद्धत वापरू नका असंच सांगते. तिथल्या एखाद्या डॉक्टरकडून झोपेच्या गोळ्या मागून वाटू नका, हेही इथेच सांगून ठेवते. डायझेपामच्या जातीची औषधं घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात मानसिक आघाताच्या लक्षणांसाठी देऊ नयेत, असं त्याच संघटनेच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे.

आता पहिला प्रश्न. सगळेच मनोरुग्ण होतात का? नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेचे नवे अंदाज आले. संघर्षग्रस्त भागांत कुठल्याही एका वेळी साधारण २२ टक्के लोकांना निदान करता येईल असा मानसिक आजार असतो: नैराश्य, चिंताविकार, पीटीएसडी (भीषण अनुभवानंतर जडणारा ताणविकार), बायपोलर, स्किझोफ्रेनिया सगळं धरून. त्यातले बरेचसे सौम्य. मध्यम आणि तीव्र मिळून ९ टक्क्यांच्या आसपास, त्यात तीव्र पाचेक टक्के. हा आकडा छोटा नाही. एक लाखाच्या छावणीत तीव्र आजाराची पाच हजार माणसं, आणि तिथे मानसोपचारतज्ज्ञ एक, तोही असलाच तर. पण याच आकड्याची दुसरी बाजू अशी की पाचातल्या चौघांना आजार नाही. त्यांना दुःख आहे, राग आहे, भीती आहे, झोप नाही. हे आजार नव्हेत.

ही सरमिसळ होते ती प्रश्नावल्यांमुळे. ‘गेल्या आठवड्यात तुम्ही आवाजानं दचकलात का? सतत सावध असता का? गाढ झोप लागत नाही का?’ ज्या शहरावर रात्री क्षेपणास्त्रं पडतात तिथे जो गाढ झोपतो, त्याची मला जास्त काळजी वाटेल.

पीटीएसडी हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत १९८० साली आलं, आणि ते यावं यासाठी झगडणाऱ्यांत व्हिएतनाममधून परतलेले सैनिक पुढे होते. आपण त्याचं मराठी ‘आघातोत्तर ताणविकार’ असं करतो. सैनिकाच्या बाबतीत तो ‘उत्तर’ बरोबर बसतो. युद्ध तिकडे राहिलं, हा घरी आला, घरी कुणी गोळ्या झाडत नाही, तरी शरीर युद्धातच आहे. नागरिकाचं युद्ध घरातच असतं. त्याला ‘नंतर’ मिळालेलंच नसतं. आणि मिळालंय असं आपण समजतो तेव्हाही बऱ्याचदा ते मिळालेलं नसतं.

एका बाईंची गोष्ट सांगते. बॉम्बफेकीत पाच महिने काढून त्या छावणीत आल्या, छावणीत येऊन चार महिने झालेले. त्या रोज रात्री बूट घालून झोपायच्या. मुलांनाही घालून झोपवायच्या, नाड्या बांधून. आमच्या तरुण समुपदेशकानं नोंदवहीत लिहिलं, ‘अतिसावधता, पीटीएसडीची शक्यता’. पुस्तकाप्रमाणे बरोबरच होतं. मी त्यांना विचारलं, इथूनही पळावं लागेल असं वाटतं का? त्या म्हणाल्या, “ही छावणी महिनाअखेरीला बंद करणार आहेत ना?” आणि मागच्या वेळी निघालो तेव्हा धाकटी अनवाणी होती, रस्ताभर काचा होत्या, असं म्हणून त्यांनी पोरीचा पाय उचलून मला तळवा दाखवला. तळव्यावर आडवा, गुलाबी, जाड व्रण. छावणी बंद होणार ही अफवा होती, पण ती खोडून काढायची तसदी व्यवस्थापनानं तीन आठवडे घेतली नव्हती. बूट हा त्या बाईंचा हिशोब होता, आणि हातात होती तेवढ्या माहितीवर तो चुकीचा नव्हता. मी औषध लिहिलं नाही. व्यवस्थापकाच्या डोक्यावर बसून तीन भाषांत फलक लावून घेतला.

२०१०च्या सुमारास केनेथ मिलर आणि अँड्र्यू रासमुसेन या दोन संशोधकांनी हेच नीट मांडलं. युद्धात काय पाहिलं याइतकाच, कधी कधी त्याहून जास्त, परिणाम रोजच्या जाचाचा होतो: पाण्याची रांग, कामधंदा नसणं, एका तंबूत दोन कुटुंबं, रात्री शौचाला जायची भीती, कागदपत्रांची अनिश्चितता. भूतकाळ बदलता येत नाही. शौचालयाजवळ दिवा लावता येतो. आमच्या क्षेत्रातल्या माणसांना हे ऐकायला फारसं आवडत नाही, कारण दिवा लावायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. संयुक्त राष्ट्रं आणि इतर मदतसंस्थांनी मिळून काढलेल्या २००७च्या मार्गदर्शक सूचनांमधला प्रसिद्ध पिरॅमिड हेच सांगतो. तळाशी सर्वांसाठी अन्न, निवारा, सुरक्षितता आणि तीही मान राखून, त्यावर कुटुंब आणि समाजाचा आधार, त्यावर प्रशिक्षित साध्या कार्यकर्त्यांची मदत, आणि आम्ही तज्ज्ञ टोकाला, थोड्यांसाठी.

तरीही एक इशारा. ‘लोक चिवट असतात’ हे वाक्य सरकारांना फार आवडतं, कारण चिवट माणसावर खर्च करावा लागत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी भाकीत केलं होतं की हवाई हल्ले सुरू झाले की लाखो लोकांची मनं ढासळतील. तसं झालं नाही. मनोरुग्णांच्या त्या अपेक्षित लोंढ्यासाठी केलेली सोय बरीचशी रिकामीच राहिली, आणि लंडनवासीयांच्या धीराची दंतकथा तयार झाली. पण १९४२ साली ‘लॅन्सेट’मध्येच एक साधी नोंद आली: बॉम्बफेकीच्या महिन्यांत लंडनच्या रुग्णालयांत जठराचा व्रण फुटून येणारे रुग्ण एकदम वाढले होते. मनोरुग्णालयं रिकामी आणि शस्त्रक्रियेची टेबलं भरलेली. तुमच्याकडेही कुणी ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत येणार नाही. डोकं जड आहे, छातीत दगड ठेवल्यासारखं होतं, अंगभर मुंग्या येतात, पोटात आग पडते, असंच ऐकू येईल.

प्रत्येक समाजाला त्यासाठी स्वतःचे शब्दही असतात. कंबोडियात ख्मेर रूज या क्रूर राजवटीच्या काळातून (१९७५ ते १९७९) वाचलेले लोक ‘बाक्सबात’ म्हणतात, म्हणजे मोडलेलं धैर्य: बोलायचं नाही, विरोध करायचा नाही, कुणावर विश्वास टाकायचा नाही. रवांडात १९९४ साली सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. तिथे ‘इहाहामुका’ हा शब्द आहे, ‘फुप्फुसंच नाहीत’ अशा अर्थाचा. दर वर्षी ७ एप्रिलपासून स्मरणसप्ताह सुरू होतो तेव्हा जमलेल्या गर्दीत एखादी बाई किंचाळून कोसळते, श्वास अडकतो, ती पुन्हा त्या दिवसात जाऊन पोचते. मग तिच्या आजूबाजूच्याही कोसळू लागतात. अशा वेळी मदतनीस तिला बाजूला शांत जागी नेतात, हात धरून बसतात, आजची तारीख सांगतात, ती कुठे आहे ते सांगतात. एवढंच करतात, आणि बऱ्याच वेळा एवढं पुरतं. स्थानिक शब्द शिकून घ्या. ‘डिप्रेशन’ म्हणालात तर भाषांतरकार त्याचं ‘वेड’ करून टाकेल, आणि बाई उठून जाईल.

आता बेपत्ता माणसांबद्दल थोडं अधिक सांगते, कारण माझ्या मते या सगळ्यातलं हे सर्वांत अवघड दुखणं आहे आणि स्वयंसेवक त्यात हमखास चुकतात. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेनं त्याला ‘अनिश्चित वियोग’ अशा अर्थाचं नाव दिलं. माणूस गेला म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर पत्ता नाही. मुलगा नाहीसा झालेली एक आई माझ्यासमोर अर्ज घेऊन बसली होती. शिधा आणि भत्ता वाढवून मिळण्यासाठी तो भरणं गरजेचं होतं. मुलाच्या नावापुढे दोन चौकोन होते, ‘मृत’ आणि ‘हयात’. तिसरा चौकोनच नव्हता. तिनं पेन उघडलं, बंद केलं, उघडलं. पाऊण तास. मग म्हणाली, “त्यांनी मारलं असेल-नसेल, मी माझ्या सहीनं मारणार नाही.” आणि अर्ज घडी करून पदराआड ठेवला. एका नातेवाइकानं तिला ‘आता वास्तव स्वीकारा’ म्हटलं होतं, त्याच्याशी तिनं बोलणं टाकलं होतं. अशा माणसाला स्वीकारायला सांगू नका, आणि ‘येईल हो परत’ असंही म्हणू नका. ‘माहीत नाही, हेच फार कठीण आहे’ एवढं म्हणता येतं. आम्ही त्या अर्जावर हातानं तिसरा चौकोन काढला, ‘बेपत्ता’ लिहिलं आणि कार्यालयाशी दोन महिने भांडलो.

बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात जुलै १९९५मध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारेकऱ्यांनी पुरावा लपवायला प्रेतं यंत्रांनी उकरून दुसरीकडे नेऊन पुरली, त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली. डीएनए जुळवून हजारोंची ओळख पटवली गेली. पण त्यातून कुटुंबांपुढे प्रश्न उभा राहिला: मिळाली तेवढी हाडं ११ जुलैच्या सामूहिक दफनात पुरायची, की उरलेली सापडेपर्यंत थांबायचं? काहींनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. शोककाळ इतक्या महिन्यांचा असतो, असं सांगणारं पुस्तक या आयांपुढे उघडून काय करणार?

मुलांचं त्या मानानं स्पष्ट आहे. अ‍ॅना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषकांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये पाळणाघरं चालवली. त्यांना दिसलं ते असं की बॉम्बहल्ल्यात आईजवळ असलेली मुलं पुष्कळदा सावरतात, आणि सुरक्षित गावी पाठवून आईपासून तुटलेली मुलं जास्त कोसळतात. म्हणून मूल सांभाळायचं तर आधी आईला झोपू द्या. मुलं बाहुल्या पुरण्याचा खेळ खेळतील, अंथरूण ओलं करतील, सात वर्षांचं मूल तीन वर्षांच्यासारखं बोलेल. खेळ थांबवू नका. तोच खेळ महिनोन्‌महिने जराही न बदलता चालला आणि त्यात कधीच कुणी वाचत नसेल, तर मात्र मला बोलवा. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये थेरेसा बेटनकोर्ट या संशोधिकेनं तिथल्या यादवी युद्धात ओढल्या गेलेल्या मुलांचा २००२पासून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्या मुलांनी काय पाहिलं आणि त्यांना काय करायला लावलं गेलं, याचा परिणाम होताच. पण परतल्यावर घरानं आणि गावानं त्यांना जवळ केलं की हाकललं, यानंही पुढचं खूप काही ठरलं.

लैंगिक हिंसेबद्दल एवढंच: तपशील विचारू नका, पण घड्याळ विसरू नका. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळणारी गोळी १२० तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. बोलणं नंतर कधीही होऊ शकतं, ही मुदत टळली की टळली.

आणि ज्यांना कुणीच विचारत नाही ते. ज्यांना आधीपासून आजार होता. स्किझोफ्रेनिया असलेला मुलगा, फिट येणारी मुलगी. पळताना लोक दागिने घेतात, कागद घेतात, गोळ्यांची बाटली मागे राहते. फिट रोखणारं फेनोबार्बिटोन एकदम बंद झालं तर फिट थांबतच नाही असं होऊ शकतं आणि माणूस त्यात दगावू शकतो. छावण्यांतल्या मनोविकार कक्षांत येणाऱ्यांत मोठा भाग या दोन आजारांचा असतो, आघाताचा नव्हे. देणगीदारांना हे सांगून पाहा. आघाताला पैसा मिळतो, फिटच्या गोळीला मिळता मिळत नाही. तंबूतंबूतून फिरताना ‘पूर्वी रोजची गोळी घेणारं कुणी आहे का?’ हा एक प्रश्न विचारलात, तरी जीव वाचतील. याचं उत्तर द्यायला कुणाची हरकत नसते.

उपचार आहेत, आणि ते चालतात. ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ नावाची जागतिक आरोग्य संघटनेची पाच बैठकांची पद्धत आहे. ती मानसशास्त्र न शिकलेले प्रशिक्षित कार्यकर्ते देतात. २०१६ साली पेशावरमधल्या चाचणीत तिनं चिंता आणि नैराश्य स्पष्ट कमी केलं. ‘सेल्फ-हेल्प प्लस’ त्याहून साधी: ध्वनिमुद्रण लावायचं, बायकांनी गटानं ऐकायचं, सराव करायचा. युगांडातल्या छावणीत दक्षिण सुदानच्या सुमारे ७०० निर्वासित स्त्रियांवर तिची चाचणी झाली, तिथेही तिचा फायदा दिसला. आणि पीटीएसडी खरोखर असेल तेव्हा ‘नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी’. जमिनीवर एक दोरी पसरतात, ती म्हणजे आयुष्य. रुग्ण तिच्यावर चांगल्या आठवणींसाठी फुलं आणि वाईट आठवणींसाठी दगड ठेवत जातो. मग जन्मापासून आजवर एकेका दगडापाशी थांबत सगळी हकीगत सांगायची, आणि शेवटी लिहिलेली ती त्याच्याच हातात द्यायची.

तुम्ही म्हणाल, इतका वेळ बोलायला लावू नका सांगत होतात, आणि ही पद्धत तर बोलायलाच लावते. लावते. पण काय होणार हे माणसाला आधी सांगून, त्याच्या होकारानं, शिकलेल्या हातून, दगडापाशी अर्धवट न सोडता, आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस तिथेच बसलेला असेल या खात्रीवर. गुरुजींना आठ वेळा जे मिळालं त्यात यातलं काहीच नव्हतं.

कुणाला आमच्याकडे पाठवायचं? जगावंसं वाटत नाही असं म्हणतो तो त्याच दिवशी, त्याला एकटं न सोडता. जो असंबद्ध बोलतो, कुणाला न दिसणारं पाहतो, ज्यानं खाणंपिणं टाकलंय, जी आई बाळाला जवळ घेत नाही, जो पुरुष संध्याकाळपासून पितो आणि बायकोला मारतो, हे सगळे त्याच आठवड्यात. बाकीच्यांना थोडा वेळ द्या.

तुमच्या हातात महिना आहे. महिन्याभरासाठी मुलांचे लाडके काका होऊ नका. त्यांच्या आयुष्यातून आणखी एक माणूस निघून जातो, आणि तारीख तुम्हाला आधीपासून माहीत असते. गोदाम घ्या, नोंदणीचं टेबल घ्या, पाण्याची रांग घ्या. रांगेला किती वेळ लागेल ते खरं सांगा, पाणी संपलं असेल तर संपलं म्हणून सांगा, आणि उद्या किती वाजता येणार ते सांगितलंत तर त्याच वेळेला या. भाषांतरकाराला दोन तासांनी सुट्टी द्या, तोही बहुधा तिथलाच असतो आणि त्याच्याही घरचं कुणीतरी गेलेलं असतं. स्वतः परत आल्यावर दोन-तीन आठवडे झोप बिघडेल, घरच्यांच्या तक्रारी क्षुल्लक वाटून चिडचिड होईल. महिन्याच्या वर चाललं तर कुणाला तरी दाखवा. आणि निघण्याआधी वाचायच्या चष्म्यांचं एक खोकं मिळतंय का बघा, सव्वा ते तीन नंबरपर्यंत.